नवतप्यातला आठवडा आणि सतरा पानांचा ट्रस्ट

हे सगळं मी सांगतो तसंच घडलं, असं मी शपथेवर सांगणार नाही. चौतीस वर्षं मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, त्यात पीएचडी केली, आणि तरी काल सकाळी बीपीची गोळी घेतली की नाही, हे मला आज सांगता येत नाही. माझी बायको नलिनी म्हणते, "तुमचे किस्से अर्धे खरे असतात, आणि उरलेले अर्धे दुसऱ्या कुणाचे असतात." असतीलही.

पण किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. कूलरच्या वाळ्याच्या जुन्या ताट्या आपण दर उन्हाळ्यात काढतो, 'पडू दे, पुढे कामी येतील' म्हणून गच्चीवर टाकतो, आणि एक दिवस गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. तसंच हे. आमची गच्ची म्हणजे त्रिमूर्तीनगरातला प्रभाकर वैरागडेचा व्हरांडा. प्रभाकर सरकारी इंजिनिअर, माझा शाळेपासूनचा मित्र. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी मी त्याच्याकडे जायचो. तो बोलायचा, मी काळजी करायचो. अशी आमची कामाची वाटणी होती.

आणि ह्या सगळ्या किस्स्यांच्या मुळाशी एकच वस्तू आहे. तिला हात लावता येत नाही, तिजोरीत ठेवता येत नाही. ती म्हणजे एक आठवडा.

* * *

एका हॉटेलातून आमंत्रण आलं होतं: जेवण फुकट, वर भेटवस्तू. प्रभाकर म्हणाला, "चाल ना गा प्रोफेसर. जेवून येऊ. घ्यायचं काही नाही."

टाय लावलेल्या एका मुलानं पडद्यावर चिखलदऱ्याचं धुकं दाखवलं. योजना अशी की रिसॉर्टमधली खोली दरवर्षी एक आठवडा तुमची. बाकीचे एक्कावन्न आठवडे दुसऱ्यांची. ह्याला टाइमशेअर म्हणतात.

मी हात वर केला. "लीप वर्षी आठवडा एक दिवसानं सरकतो का?"

त्यानं उत्तर दिलं. मी पुन्हा हात वर केला. "डोंगर खचला, तर आठवडा कुणाकडे राहतो?" मग विचारलं, शेजारच्या आठवड्यातला माणूस वेळेवर उठलाच नाही तर? पाचव्या प्रश्नाला तो माझ्याजवळ आला, खाली वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, तुम्ही नका घेऊ. तुम्हाला आराम पडणार नाही." आणि भेटवस्तूचा कॅसरोल त्यानं जेवणाआधीच माझ्या हातात ठेवला!

प्रभाकरनं मात्र एकच प्रश्न विचारला. "नवतप्यातला आठवडा खाली आहे काय?"

नवतपा म्हणजे मे अखेरचे ते नऊ दिवस, जेव्हा नागपुरात टाकीतल्या पाण्याचा नुसता चहा करायचा बाकी असतो. तो आठवडा रिकामा होता. प्रभाकरच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, "अहो, थांबा ना जरा" म्हणेपर्यंत सही झालेली होती.

घरी आल्यावर नलिनीनं विचारलं, "काय मिळालं?"

मी म्हणालो, "प्रभाकरला आठवडा. मला कॅसरोल."

ती म्हणाली, "आपला बरा. वर्षभर वापरता येतो."

* * *

वहिनी होत्या तोवर तो आठवडा सुरळीत चालला. कुणी कधी जायचं, हे त्या ठरवायच्या, आणि वहिनींपुढे वैरागड्यांच्या घरात कुणी अपील करत नसे. त्या गेल्या, आणि पुढच्याच मे महिन्यात तो प्रसंग घडला.

प्रभाकरला दोन मुलं. मंगेशचा बुटीबोरीला खोके बनवायचा कारखाना आहे. धाकटी सुजाता कामठीला शाळेत शिकवते. प्रभाकरनं मंगेशला फोनवर सांगितलं, "यंदा तू जाय." चार दिवसांनी सुजाताचा फोन आला, तर तिलाही सांगितलं, "यंदा तू जाय वं." आधी कुणाला काय बोललो, ते तो विसरला होता. वहिनी असताना त्याला लक्षात ठेवायची गरजच पडली नव्हती.

मंगेश बायको-मुलं आणि सासू-सासऱ्यांना घेऊन निघाला. सुजाता नवरा, मुलगी आणि नवऱ्याच्या दोन बहिणींना घेऊन. नवतपा, परतवाड्यापुढचा घाट, आणि दोन्ही गाड्या दहा मिनिटांच्या अंतरानं रिसॉर्टच्या दारात. माणसं अकरा, खोली चौघांची!

काउंटरवरच्या मुलानं हसून विचारलं, "वैरागडे फॅमिली?"

दोघं एकदम म्हणाले, "हो!"

त्यानं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं. "फॅमिली एकच आहे ना?"

मंगेशनं आपली बॅग काउंटरवर ठेवली. सुजातानं आपली तिच्या शेजारी ठेवली.

मंगेश म्हणाला की त्याच्या सासऱ्यांना उलट्या होत आहेत, ते परत जाऊ शकत नाहीत. सुजाता म्हणाली, "होऊन जाऊ दे गा मग. आईच्या मागं माहेर संपलं, हे कायले लपवून राहिला?" आणि ती त्याच उन्हात सगळ्यांना घेऊन परत फिरली.

त्यानंतर चार वर्षं बहीण-भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. दिवाळी आली, भाऊबीज आली. सुजाता वडिलांना भेटायला यायची ती मंगेशची गाडी दारात नाही हे बघून. एकदा गाडी होती, तर तिनं फाटकाबाहेरूनच डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "काका, बाबाले सांगा, चिवडा आहे." मी व्हरांड्यात आलो तेव्हा प्रभाकर खुर्चीतून अर्धा उठून फाटकाकडे बघत होता.

"गेली?" त्यानं विचारलं.

"चिवडा आहे," मी म्हणालो. ह्यापेक्षा शहाणपणाचं काहीतरी मला सुचायला हवं होतं.

* * *

चौथ्या वर्षी एका सकाळी प्रभाकर मला लांजेवार मॅडमच्या ऑफिसात घेऊन गेला. मॅडम वकील. वयानं आमच्या मुलांएवढ्या, पण त्यांच्यासमोर बसलं की आपण गृहपाठ केलेला नाही असं वाटतं.

घर, मौद्याकडचा प्लॉट, बँकेतल्या ठेवी, सगळं दोन्ही मुलांना अर्धं अर्धं. त्याचं मृत्युपत्र एका पानात झालं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "झालं काका?"

"आता तो आठवडा," प्रभाकर म्हणाला. "त्याचा ट्रस्ट करायचा आहे."

मॅडमनी चष्मा काढला. "काका, लोक इस्टेटीसाठी ट्रस्ट करतात. तुम्ही सुट्टीसाठी करून राहिले?"

"मॅडम, घर अर्धं करता येते. सात दिवसाचे साडेतीन केले तर माणसानं सामान उघडायचं कवा आणि बांधायचं कवा?"

मग त्यानं खिशातून चतकोर कागद काढला. त्यावर अटी लिहिलेल्या होत्या. आठवडा ट्रस्टच्या नावे राहील. लाभार्थी मंगेश आणि सुजाता. दोघांनी एकाच वेळी जायचं, पूर्ण सात दिवस राहायचं आणि दिवसातून एक जेवण एका टेबलावर घ्यायचं.

"आणि अट मोडली तर?" मॅडमनी विचारलं.

"तर त्या वर्षीचा आठवडा बंडूमामाले."

बंडूमामा म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ, कामठीचा. कुणाच्याही घरी गेला की हा माणूस आधी टीव्हीचा रिमोट हातात घेतो, मग पाण्याचा ग्लास. पहाटे पाचला उठून गल्लीला ऐकू जाईल अशा गुळण्या करतो. मंगेश आणि सुजाता लहान असताना तो त्यांना पाहुण्यांसमोर उभं करून एकोणतिसाचा पाढा म्हणायला लावायचा. चुकलं की म्हणायचा, "बापावर गेले!" जगात ह्या दोन भावंडांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं, ते म्हणजे बंडूमामा.

मॅडमना हे सगळं समजावून सांगितलं. त्या बराच वेळ हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "काका, मृत्युपत्रातही अट घालता येते. पण ते तुमच्यामागं उघडणार. ट्रस्ट केला तर तो आतापासून चालू. म्हणजे जे काय भांडण आहे, ते तुमच्या डोळ्यांदेखत होईल."

"तेच तर पाहायचं आहे मले," प्रभाकर म्हणाला. आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, आम्हा दोघांनाही उद्देशून नाही असं, "भांडण का होईना. बोलले तर पाहिजे."

त्या दिवशी मला कळलं की माझ्या मित्राला चिखलदऱ्याची पर्वा नव्हतीच.

* * *

विश्वस्त मला केलं. मी नको म्हणालो. सांगितलं की माझ्याकडून चूक होईल. प्रभाकर म्हणाला, "म्हणूनच! तू रोज तपासून पाहशील."

मसुदा मी घरी आणला. चार पानांचा होता. रात्रभर मला प्रश्न पडत राहिले. एका टेबलावर जेवण म्हणजे काय? टेबल लांब असेल आणि दोघं दोन टोकांना बसले तर? दोन छोटी टेबलं जोडली असतील तर ते एक की दोन? सुजाताचा चतुर्थीचा उपास असतो. साबुदाण्याची खिचडी हे जेवण धरायचं की फराळ? धरलं तर दाण्याच्या आमटीसकट की आमटीशिवाय? मी प्रत्येकाला एक कलम लिहिलं. 'टेबल' ह्या शब्दाच्या व्याख्येलाच पाऊण पान लागलं.

मसुदा सतरा पानांचा झाला. लांजेवार मॅडमनी तो हातात घेऊन वजन पाहिल्यासारखा वर-खाली केला. "सर, हे ट्रस्ट डीड आहे. थिसिस नाही."

मी म्हणालो, "परिशिष्ट अजून जोडायचं आहे."

नलिनी बरोबर आली होती. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. ह्यांनी आमच्या लग्नात भटजींना विचारलं होतं, सात पावलांचं माप काय?"

प्रभाकरनं एकही कलम काढू दिलं नाही. "राहू द्या मॅडम. सतरा पानं पाहून पोट्टे वाचणार नाहीत, आणि वाचलं नाही म्हणजे घाबरतील."

* * *

मग कंपनीचा फॉर्म आला. सदस्यत्व प्रभाकरच्या नावावरून ट्रस्टच्या नावावर करायचं होतं. फॉर्म माणसांसाठी छापलेला. सदस्याची जन्मतारीख. वैवाहिक स्थिती. छंद. पासपोर्ट आकाराचा फोटो.

मी फोन केला. पलीकडच्या मुलीला म्हणालो, "सदस्य ट्रस्ट आहे. त्याला फोटो नाही."

"सर, फोटो मस्ट आहे."

"अहो, ट्रस्टला चेहरा नसतो."

"मग आधार कार्डावरचा चालेल, सर."

शेवटी प्रभाकरनं मार्ग काढला. त्याचा, माझा आणि मॅडमचा डीडवर सह्या करतानाचा एकत्र फोटो पाठवला. जन्मतारखेच्या रकान्यात डीडची तारीख घातली. वैवाहिक स्थितीसमोर मी 'लागू नाही' लिहिलं, प्रभाकरनं ते खोडून 'अविवाहित' केलं. "ट्रस्टचं वय पाहा ना. आताच कायले लग्न?" छंदाच्या रकान्यात त्यानं 'जेवण' लिहिलं.

महिन्याभरात कार्ड आलं. नाव: वैरागडे कुटुंब ट्रस्ट. फोटो: मी. त्यांनी नेमका माझाच चेहरा कापून घेतला होता. सही करताना मी जसा दिसतो तसा, म्हणजे अटक झाल्यासारखा.

वर्षानं प्रभाकरच्या पत्त्यावर रंगीत शुभेच्छापत्र आलं. 'वैरागडे कुटुंब ट्रस्ट, पहिल्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!' सोबत कूपन: पाच वर्षांखालील सदस्यांना किड्स क्लबमध्ये प्रवेश मोफत, झोपाळा आणि फेस पेंटिंगसहित!

प्रभाकरनं ते कूपन माझ्या खिशात घातलं. "जाऊन ये. फोटो तुझा आहे."

* * *

ट्रस्टचा पहिला मे महिना त्या वाढदिवसाआधीच आला. दोघांनी आधी साफ नाही म्हटलं. मग एका संध्याकाळी बंडूमामानं आपणहोऊन दोघांना फोन केले. "काय गा मंगेश, जमून नाही राहिलं वाटते तुमचं? काही हरकत नाही. मी बॅग काढून ठेवली." दुसऱ्या दिवशी दोघंही तयार!

डीडप्रमाणे रोज जेवणाचा एक फोटो विश्वस्ताला, म्हणजे मला पाठवायचा होता. पहिल्या दिवशीच्या फोटोत टेबल एक होतं. मंगेश खिडकीकडे तोंड करून बसला होता, सुजाता स्वयंपाकघराकडे. मध्ये मेनू कार्ड भिंतीसारखं उभं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशीचा फोटो मी मोठा करून पाहिला आणि माझी झोप उडाली. मंगेशच्या अंगात पहिल्या दिवशीचाच शर्ट! चार दिवसांचे फोटो एकदमच काढून ठेवले असतील तर? विश्वस्त म्हणून माझी फसवणूक होत असेल तर?

नलिनी म्हणाली, "माणूस शर्ट धुतो."

"चार दिवसांत?"

"तुमचा नाही का मी धूत?"

तरी मी पहाटे टॅक्सी केली आणि दुपारच्या जेवणाला चिखलदऱ्याला पोचलो. रिसॉर्टच्या दारात एक माणूस बॅगेवर बसलेला. बंडूमामा!

"या प्रोफेसरसाहेब," तो म्हणाला. "मी म्हटलं, पाहून येऊ, अट पाळून राहिले की नाही. नाही पाळली तर मी आहेच. तीन दिवस बाकी आहेत अजून आठवड्याचे."

आम्ही दोघं जेवणघरात गेलो. कोपऱ्यात मंगेश आणि सुजाता बसलेले, मधे मेनू कार्ड, आणि एक वेटर. सुजाता वेटरला सांगत होती, "त्यांना म्हणा, मीठ इकडे द्या." वेटर दीड हात अंतरावरच्या मंगेशला म्हणाला, "सर, मॅडम मीठ मागतात." मंगेश म्हणाला, "त्यांना सांगा, भाजीत आहे."

बंडूमामा खुश झाला. "पाहा! हे काय एकत्र जेवण आहे? प्रोफेसरसाहेब, लिहून घ्या. अट मोडली."

मी कलम आठवू लागलो. टेबलाची व्याख्या पाऊण पान होती, पण वेटरबद्दल मी काहीच लिहिलं नव्हतं! मला घाम फुटला. चिखलदऱ्यात, बरं का.

मंगेशनं मान वळवून मामाला पाहिलं. सुजातानं पाहिलं. मग मंगेशनं मेनू कार्ड उचललं, बाजूला ठेवलं, आपली खुर्ची उचलून बहिणीच्या शेजारी आणली आणि तिच्या ताटात हात घातला.

"मामा, आम्ही एकाच ताटात जेवून राहिलो. रोज." आणि मग बहिणीला, चार वर्षांत पहिल्यांदा, "सरक वं थोडी."

सुजाता म्हणाली, "तूच सरक गा. खोके बनवता बनवता खोक्याएवढा झाला."

मी बाहेर येऊन प्रभाकरला फोन लावला. घडलेलं सगळं सांगितलं.

"काय म्हणाला तो?" त्यानं विचारलं.

"'सरक वं थोडी.'"

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. फोनमध्ये मला त्याच्या कूलरचा आवाज ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "सतरा पानं कमीच होती, प्रोफेसर!"

* * *

त्याचा अर्थ ते एकदम गोड झाले असं मुळीच नाही. त्या वर्षी ते बोलले, म्हणजे भांडले. पुढच्या वर्षीही भांडले. नागपुरात ते एकमेकांकडे जात नसत, फोन करत नसत. मेचा तो एक आठवडा तेवढा चिखलदऱ्यात जाऊन एका टेबलावर व्यवस्थित भांडायचं, आणि परत. प्रभाकरला तेवढं पुरत होतं. आले की तो सुजाताला स्वतंत्र विचारायचा, मंगेशला स्वतंत्र विचारायचा, आणि दोन्ही बाजू ऐकून सुखानं झोपायचा.

तो गेला त्या वर्षी तेरवीच्या दुसऱ्या दिवशी दोघं माझ्याकडे आले. वेगवेगळ्या गाड्यांतून. नलिनीनं चहा ठेवला.

सुजाता म्हणाली, "काका, ती अट... बाबा गेल्यावर संपली ना?"

मला डीड तोंडपाठ होतं, तरी मी कपाटातून काढलं, चष्मा लावला, दोनदा वाचलं. "नाही. चालू आहे."

मंगेशनं डोक्याला हात लावला. "पाहा! गेले तरी सोडून नाही राहिले."

"तुझ्यासोबत सात दिवस," सुजाता म्हणाली. "मागच्या जन्मीचं पाप आहे."

"मग राहू दे ना! देऊन टाकू मामाले."

"मामाले?" सुजाता उठून उभी राहिली. "आईच्या आठवड्यात तो गुळण्या करणार?"

तो विषय तिथं संपला.

* * *

आता शेवटचं. हे मी नलिनीला सोडून कुणाला सांगितलेलं नाही.

डीडप्रमाणे दरवर्षी एप्रिलमध्ये विश्वस्तानं एक पत्र द्यायचं असतं, की यंदा हे दोन लाभार्थी येतील, त्यांना खोली द्यावी. ते मी देत आलो. वर्षाची फी भाऊ-बहीण आळीपाळीनं परस्पर कंपनीत भरायचे. कंपनीचा पत्रव्यवहार प्रभाकरच्याच घरी, म्हणजे आता तिथं राहणाऱ्या मंगेशकडे यायचा. माझं काम फक्त ते पत्र.

ह्या वर्षीही मार्चमध्येच सुजाताचा फोन आला. "काका, पत्र लवकर काढून ठेवा. मागच्या वर्षी तुम्ही तारीख तीनदा बदलली."

मी म्हणालो, "जाणार का यंदा? तुझे गुडघे दुखतात ना गं?"

"जायची कोणाले हौस आहे काका! त्या माणसासोबत? पण बाबांची अट आहे ना. काय करता."

चार दिवसांनी मंगेश बुटीबोरीहून येता येता पत्र न्यायला आला. पत्र त्यानं नीट घडी करून खिशात ठेवलं. "तुमची ट्रस्टीगिरी पक्की आहे, काका. कारखान्यात ऑर्डर पडून आहे, आणि मी तिकडे सात दिवस हिची बोलणी खाणार. पण अट म्हणजे अट."

"मोडलीस तर बंडूमामा आहेच," मी म्हणालो.

"तेच तर!" तो म्हणाला. बंडूमामाला आता जिना चढवत नाही, चिखलदऱ्याचा घाट लांबच राहिला. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

माझं वय झालं. माझ्यामागं विश्वस्त कोण, ह्याची काळजी मला बरीच वर्षं आहे, यंदा जास्त वाटली. मी लांजेवार मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, "सर, नवा विश्वस्त नेमू. कंपनीकडून सदस्यत्वाचा ताजा दाखला तेवढा आणा."

फोनवर मला नीट ऐकू येत नाही म्हणून मी कंपनीच्या नागपूरच्या ऑफिसात स्वतःच गेलो. तिथल्या मुलीनं कार्ड पाहिलं. फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि कॉम्प्युटरवर नंबर टाकला.

"सर, ही मेंबरशिप बंद आहे."

मी म्हणालो, "नाही हो. माझी पत्रं आहेत. ते दोघं दरवर्षी जातात."

"जातात ना सर. रोजच्या दरानं रूम बुक करतात, त्याच आठवड्याची. दोघांच्या नावानं." तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. "मेंबरशिप पंचवीस वर्षांचीच असते. तीन वर्षांपूर्वी संपली. आम्ही घरच्या पत्त्यावर कळवलं होतं, पोचही आली आहे."

सतरा पानांत मुदतीबद्दल मी एक ओळही लिहिली नव्हती! मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकतो आहे. मी तिला पोच दाखवायला सांगितली. तिनं छापून दिली. घरी येऊन मी ती नलिनीकडून वाचून घेतली, मग भिंग घेऊन स्वतः वाचली, आणि डीडवरच्या सह्यांशी ताडून पाहिली.

'सदस्यत्व संपल्याची सूचना मिळाली,' असं छापलेलं होतं. तारीख तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीची. खाली दोन सह्या होत्या. एक मंगेशची, आणि तिच्या शेजारी सुजाताची.